सुरतेचे माग आणि पर्यायांचा गुणाकार : यंत्रांतील सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी

सुरत शहराच्या उधना, पांडेसरा, सचिन या औद्योगिक भागांत दिवसरात्र मागांचा आवाज चालू असतो. कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र म्हणून हे शहर ओळखले जाते. मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानांत मांडलेली पॉलिएस्टरची छापील साडी पुष्कळदा तापीकाठच्या याच शहरातून आलेली असते. या मागांवर आणि भरतकामाच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगारांची संख्या मोठी आहे. त्यांच्याबरोबर सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेले धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतील मराठी भाषकही आहेत. लिंबायत, उधना, दिंडोली या वस्त्यांत खानदेशी बोली सहज कानी पडते.

हे कामगार ज्या यंत्रांसमोर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, त्या यंत्रांचे स्वरूप गेल्या काही दशकांत मुळापासून बदलले आहे. पूर्वी मागाची चाल दातेरी चाके, कॅम आणि तरफा ठरवीत. आज यातील बरेचसे निर्णय यंत्राच्या पेटीतील एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि त्यावरील सॉफ्टवेअर घेते. तेच सॉफ्टवेअर शेकडो प्रकारच्या यंत्रांत, वेगवेगळ्या सेटिंगसह वापरले जाते. या असंख्य रूपांपैकी प्रत्येक रूप नीट चालेल याची खात्री कशी करावी, हा आज अभियांत्रिकीतील एक कठीण प्रश्न आहे. कापडाची प्रत, कारखान्याचे उत्पन्न आणि प्रसंगी कामगाराची बोटेही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

अंतःस्थापित सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणकावर चालणाऱ्या प्रणालीला पडदा, कळफलक आणि समोर बसलेला वापरकर्ता असतो. अंतःस्थापित सॉफ्टवेअर मात्र एखाद्या यंत्राच्या पोटात राहते आणि ते यंत्र चालवणे एवढेच त्याचे काम असते. कपडे धुण्याचे यंत्र, मोटारीचे इंजिन, लिफ्ट, विजेचा मीटर, रुग्णालयातील सलाईन पंप या सर्वांत ते आहे. संवेदकांकडून येणारे संकेत वाचणे, निर्णय घेणे आणि मोटर, झडप किंवा ब्रेक यांना आज्ञा देणे हे चक्र ते अखंड चालवते.

येथे उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावे लागते. वॉटरजेट मागाचे उदाहरण घेता येईल. या मागात आडवा धागा म्हणजे बाणा पाण्याच्या झोतावर स्वार होऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून पलीकडे जातो. पॉलिएस्टर आणि नायलॉन पाणी फारसे शोषत नाहीत, म्हणून सुरतेच्या कापडाला हा माग मानवतो. मिनिटाला ६०० फेरे करणाऱ्या मागात एका फेऱ्याला १०० मिलिसेकंद लागतात. मागाच्या वेळा फेऱ्याच्या अंशांत मोजल्या जातात आणि ३६० अंशांपैकी एका अंशाच्या वाट्याला साधारण ०.२८ मिलिसेकंद येतो. पाण्याचा झोत कोणत्या अंशाला सोडायचा, धागा कोणत्या अंशाला मोकळा करायचा आणि तो पलीकडे पोहोचला नाही तर माग किती अंशांच्या आत थांबवायचा, हे सारे त्या पेटीतील कार्ड ठरवते. आज्ञा काही मिलिसेकंद उशिरा सुटली, तर कापडात दोष राहतो.

एक यंत्र, अनेक रूपे

कापडाच्या धंद्यात यंत्र बदलण्यापेक्षा यंत्राचे वागणे बदलणे ही जुनी परंपरा आहे. फ्रान्समधील ल्योन येथील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या माळेवर चालणारी जेकार्ड यंत्रणा सिद्ध केली. पत्ते बदलले की तोच माग वेगळी नक्षी विणू लागे. १९८३ मध्ये मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले आणि पत्त्यांची जागा विद्युत संकेतांनी घेतली. सुरतेत आज साडीचा काठ-पदर विणणारी इलेक्ट्रॉनिक जेकार्डे सर्रास दिसतात.

भरतकामाचे यंत्र तर पर्यायांचे भांडारच आहे. एका लांब चौकटीवर वीसच्या वर हेड असू शकतात आणि प्रत्येक हेडवर वेगवेगळ्या रंगांच्या सुया असतात. यंत्राला टिकली लावण्याची जोड असते किंवा नसते. दोरी किंवा मणी बसवण्याची जोड असते किंवा नसते. धागा तुटल्याचे ओळखणारा संवेदक चालू किंवा बंद ठेवता येतो. धागा तुटल्यावर किती टाके मागे जायचे हे ठरवता येते. वीज गेल्यावर नक्षी त्याच जागेवरून पुढे सुरू करण्याची सोय असते. वेगमर्यादा, धागा कापण्याची पद्धत, चौकटीचा आकार, मोटरचा प्रकार, पडद्यावरील भाषा अशी ही यादी लांबत जाते.

निर्मात्याच्या दृष्टीने प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहिणे परवडत नाही. म्हणून एकच सॉफ्टवेअर लिहिले जाते आणि त्यात पर्यायांची कळ ठेवली जाते. काही पर्याय सॉफ्टवेअर तयार होतानाच ठरतात, काही यंत्र जोडताना, तर काही कामगार रोज पडद्यावर बदलतो. अशा प्रणालींना बहुपर्यायी प्रणाली म्हणता येईल. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यात असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. ती जगभरातील असंख्य यंत्रांच्या पोटात चालते.

गुणाकाराचे संकट

अडचण येथेच उभी राहते. पर्यायांची संख्या बेरजेने वाढली, तरी त्यांच्या संयोगांची संख्या गुणाकाराने वाढते. केवळ ‘चालू’ किंवा ‘बंद’ असे दोनच पर्याय असलेल्या २० कळा असतील, तर १०,४८,५७६ वेगवेगळी रूपे होतात. प्रत्येक रूपाची चाचणी एका मिनिटात उरकली आणि चाचणी अहोरात्र चालू ठेवली, तरी जवळपास दोन वर्षे लागतील. कळा ३३ झाल्या की रूपांची संख्या सुमारे ८५९ कोटींवर जाते. जगातील प्रत्येक माणसाला स्वतंत्र यंत्र देता येईल एवढी ही संख्या आहे. मिनिटाला एक या दराने त्यांची चाचणी पूर्ण व्हायला सोळा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

दोष मात्र नेमके संयोगांत लपतात. टिकलीची जोड स्वतंत्रपणे तपासली तर ठीक चालते. धागा तुटल्यावर पाच टाके मागे जाण्याची सोयही ठीक चालते. दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल? सुई पाच टाके मागे गेली, पण टिकली सोडणाऱ्या यंत्रणेला ते कळले नाही, तर त्याच जागी दुसऱ्यांदा टिकली बसेल. सुटे भाग तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. तो दिसेल कारखान्यात, ऐन हंगामातील मागणी पुरवताना. यंत्रावर बसलेल्या कारागिराच्या नावावर बिघडलेला माल मांडला जाण्याची शक्यताही मोठी, कारण सॉफ्टवेअरमधील संयोगाचा दोष डोळ्यांना दिसत नाही. हाताची चूक मात्र सहज मानली जाते.

मोठ्या प्रकल्पांनाही याचा फटका बसला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान-४ मधून जसेच्या तसे घेतले होते आणि तेथे ते यशस्वी ठरले होते. नव्या बाणाचा मार्ग वेगळा होता, त्याचा आडवा वेग अधिक होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा कोलमडली. विशेष म्हणजे ही आकडेमोड करणाऱ्या भागाची उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रूपासाठी ठेवलेला पर्याय नव्या रूपात चालू राहिला होता.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकीकत अधिक दुःखद आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. एका दोषात चालकाने उपचाराचा प्रकार चुकीचा निवडून तो काही सेकंदांत दुरुस्त केला, की पडद्यावर एक आणि यंत्रात दुसरेच असे रूप तयार होई. सावकाश काम करणाऱ्या नवख्या चालकाच्या हातून तो दोष दिसत नसे. सराईत चालकाच्या वेगामुळे तो उघड झाला. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव या यंत्रात काढून टाकून सुरक्षेचा भार सॉफ्टवेअरवर सोपवला होता.

लॅटिन चौरसांपासून चाचणीपर्यंत

सर्व रूपे तपासणे अशक्य असेल, तर कोणती थोडी रूपे निवडावीत? या प्रश्नाचे उत्तर ज्या गणितातून आले, त्यात भारतीय आणि विशेषतः एका मराठी गणितज्ञाचा मोठा वाटा आहे.

लॅटिन चौरसात प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येते. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा येत असेल, तर त्यांना परस्परलंब चौरस म्हणतात. ६, १०, १४ अशा आकारांचे परस्परलंब चौरस असूच शकत नाहीत, असे अनुमान ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले होते. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ते खोटे ठरवले. २ आणि ६ हे आकार वगळता सर्व आकारांचे असे चौरस मिळतात, हे त्यांनी सिद्ध केले. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागर येथील. नागपूर येथे शिक्षण घेतलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी १९४० च्या दशकात सी. आर. राव यांनी याच कल्पनेचे व्यापक रूप असलेल्या लंबकोष्टकांचा सिद्धांत मांडला होता. शेतीतील प्रयोग आखताना खत, बियाणे, पाणी यांचे सर्व संयोग न करता विश्वासार्ह निष्कर्ष कसे काढावेत, हा त्यामागील एक व्यावहारिक हेतू होता.

१९८५ मध्ये रॉबर्ट मँडल यांनी परस्परलंब लॅटिन चौरसांचा उपयोग सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी करून दाखवला. चाचणीत प्रत्येक जोडी ‘नेमकी एकदा’ येण्याची गरज नसते, ‘किमान एकदा’ आली तरी पुरते. ही सवलत घेतल्यावर कोष्टक आणखी लहान होते. अशा कोष्टकांना आच्छादक कोष्टके म्हणतात आणि या पद्धतीला जोडीवार चाचणी.

भरतकामाच्या यंत्रावरील तीन कळांवरून ती समजून घेता येईल : धागा-संवेदक, टिकलीची जोड आणि वीज गेल्यावर पुढे सुरू होण्याची सोय. यांची आठ रूपे होतात. जोडीवार चाचणीला मात्र चारच रूपे पुरतात. पहिल्यात तिन्ही कळा बंद ठेवायच्या. दुसऱ्यात संवेदक आणि टिकली चालू, तिसऱ्यात संवेदक आणि वीज-सोय चालू, चौथ्यात टिकली आणि वीज-सोय चालू ठेवायची. कोणत्याही दोन कळा घेतल्या, तरी त्यांच्या चालू-बंदच्या चारही जोड्या या चार चाचण्यांत येऊन जातात.

कळा वाढल्या की बचत आश्चर्यकारक होते. १० कळांची १,०२४ रूपे असतात, तेथे ६ चाचण्या पुरतात. ८५९ कोटी रूपे देणाऱ्या ३३ कळांच्या सर्व जोड्या अवघ्या ८ चाचण्यांत बसतात.

ही बचत फसवी तर नाही ना, याचा शोध अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डोलोरेस वॉलेस आणि रिचर्ड कून यांनी घेतला. बाजारातून परत घेतलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पुरेसा तपशील असलेल्या १०९ बिघाडांपैकी केवळ ३ बिघाडांना दोनपेक्षा अधिक अटी एकत्र याव्या लागल्या होत्या. २००४ मध्ये कून व सहकाऱ्यांनी इतर प्रकारच्या सॉफ्टवेअरचा विचार केला, तेव्हा सहापेक्षा अधिक घटकांच्या संयोगातून घडलेला बिघाड त्यांना आढळला नाही. बहुतेक दोष दोघातिघांच्या भांडणातून उद्भवतात, असा त्याचा अर्थ.

तरीही वरच्या चार चाचण्यांकडे पुन्हा पाहावे. त्यांत तिन्ही कळा एकाच वेळी चालू असलेले रूप कोठेही नाही. टिकलीचे काम चालू असताना धागा तुटला आणि यंत्र मागे जात असतानाच वीज गेली, हा प्रसंग त्या चार चाचण्यांतून निसटतो. वीज अचानक जाणे कारखान्यात दुर्मीळ नाही. म्हणून जेथे जीव किंवा मोठे नुकसान पणाला लागले असेल, तेथे तीन, चार किंवा सहा घटकांचे संयोग व्यापणारी मोठी कोष्टके वापरावी लागतात. किती खोल जायचे, हा निर्णय गणित घेत नाही. तो धोका ओळखणाऱ्या माणसाला घ्यावा लागतो.

‘बंद’ या स्थितीलाही तेवढेच महत्त्व द्यावे लागते. २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातील पर्यायांशी निगडित ४२ दोषांचा बारकाईने अभ्यास झाला. त्यांतील अनेक दोष एखादा पर्याय बंद असतानाच प्रकट होत होते. सर्व कळा चालू करून एकदाच तपासण्याची सोपी वाट म्हणूनच अपुरी पडते.

पर्यायांचा नकाशा

सर्वच संयोग शक्य नसतात. टिकलीची जोडच बसवलेली नसेल, तर टिकलीच्या वेगाची सेटिंग निरर्थक असते. असे अशक्य संयोग चाचणीत आले, तर वेळ वाया जातो. शक्य असलेले वगळले, तर दोष निसटतो. म्हणून चाचणीपूर्वी पर्यायांचा नकाशा आखतात. कोणता पर्याय सक्तीचा, कोणता ऐच्छिक, कोणाला कोणाची गरज आणि कोणाचे कोणाशी वैर, हे त्यात झाडाच्या आकृतीसारखे मांडलेले असते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने १९९० मध्ये या पद्धतीची रीतसर मांडणी केली. नकाशा तयार झाला की संगणकच वैध रूपे निवडतो आणि चाचणीचे कोष्टक बनवतो.

व्यवहारात हा नकाशा तयार करणे हेच सर्वांत कष्टाचे काम ठरते. जुन्या यंत्रांच्या बाबतीत पर्यायांमधील नाती कागदावर नसतात. ती लिहिणाऱ्या अभियंत्याच्या किंवा यंत्र जोडणाऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात असतात.

खोट्या मागावर खरे कार्ड

रूपे निवडली तरी प्रत्येक चाचणीसाठी खरा माग चालवणे शक्य नसते. धागा, वीज आणि वेळ खर्च होतो. शिवाय ‘ब्रेक निकामी झाला तर?’ हा प्रश्न खऱ्या यंत्रावर विचारणे धोक्याचे असते. म्हणून चाचणी पायऱ्यांनी केली जाते.

पहिल्या पायरीवर यंत्राच्या वागण्याचे गणिती प्रारूप संगणकावर चालवून पाहतात. दुसरीवर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालवले जाते. येथे हजारो रूपे एका रात्रीत तपासता येतात, पण वेळेची अचूकता कळत नाही. तिसऱ्या पायरीवर ते यंत्रातील मूळ प्रोसेसरवर चालते. चौथ्या पायरीवर खरे कार्ड खोट्या यंत्राला जोडले जाते. एक वेगवान संगणक मागाचे सोंग घेतो. फेऱ्याचे अंश सांगणारे संकेत, धागा पोहोचल्याची खूण, मोटरचे तापमान हे सारे तो कार्डाला पुरवतो आणि कार्डाने दिलेल्या आज्ञा मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत मोजतो. कार्डाला मात्र आपण खऱ्या मागावरच आहोत असे वाटत असते.

या खोट्या मागावर संकटेही मनासारखी आणता येतात. धागा एकाच वेळी तीन हेडवर तोडता येतो, विजेचा दाब उतरवता येतो, संवेदकाची तार ‘तुटलेली’ दाखवता येते. सॉफ्टवेअरमध्ये एखादी ओळ बदलली की रात्रभरात संपूर्ण कोष्टक पुन्हा चालवून सकाळी निकाल मिळतो. स्वयंचलनाचा खरा लाभ या पुनरावृत्तीत आहे. माणूस तीच चाचणी शंभराव्यांदा तेवढ्याच काळजीने करीत नाही.

चाचणीला पूरक अशी आणखी एक वाट म्हणजे सॉफ्टवेअर न चालवताच त्याच्या ओळींचे विश्लेषण करणे. शून्याने भागाकार, जागेत न मावणारी संख्या, मर्यादेबाहेरील स्मृतीचा वापर असे दोष त्यातून सापडू शकतात. एरियानचा दोष याच जातीचा होता. या क्षेत्रात पुण्याचे काम उल्लेखनीय आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्रात अंतःस्थापित सॉफ्टवेअरसाठी असे विश्लेषक विकसित झाले. अपेक्षित वर्तन कोष्टकाच्या रूपात लिहून त्यावरून चाचण्या आपोआप तयार करण्याच्या पद्धतींवरही तेथे संशोधन झाले आहे.

‘बरोबर’ म्हणजे काय, हे कोण सांगणार?

संगणक हजारो चाचण्या चालवू शकतो, पण निकाल बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी त्याला कसोटी द्यावी लागते. प्रत्येक रूपाचे अपेक्षित उत्तर हाताने लिहिणे अशक्य असते. त्यावर दोन उपाय प्रचलित आहेत.

पहिला उपाय म्हणजे कोणत्याही रूपात मोडता कामा नये असे नियम लिहिणे. सुई कापडात असताना चौकट हलू नये. संरक्षक झडप उघडी असताना मुख्य मोटर पूर्ण वेगाने सुरू होऊ नये. थांबण्याची कळ दाबल्यावर, इतर काहीही चालू असले तरी, यंत्र ठरलेल्या वेळेत थांबावे. दुसरा उपाय म्हणजे दोन रूपांची परस्परांशी तुलना करणे. तीच नक्षी कमी आणि अधिक वेगाने चालवली, तर टाक्यांच्या जागा सारख्याच यायला हव्यात. पडद्याची भाषा बदलल्याने कापडात फरक पडता कामा नये. योग्य उत्तर ठाऊक नसतानाही विसंगती पकडता येते, हे या उपायाचे बळ आहे.

असे नियम लिहिण्यासाठी यंत्र जाणणारा माणूस लागतो. वीज गेल्यावर सुई कोठे अडकते, घाईच्या वेळी कोणता संवेदक बंद करून ठेवला जातो, दोन कळा कोणत्या क्रमाने दाबल्या जातात, हे प्रयोगशाळेपेक्षा कारखान्यातील कारागिराला अधिक ठाऊक असते. थेरॅकचा दोषही सराईत हातांच्या वेगामुळेच उघड झाला होता. म्हणून चाचणीचे कोष्टक आखताना कामगारांचे अनुभव विचारणे हा सौजन्याचा भाग नसून शास्त्राचा भाग ठरतो.

रेल्वेतील कवच

याच सुरत शहरातून जाणारा मुंबई-दिल्ली लोहमार्ग या विषयाचे अधिक गंभीर रूप दाखवतो. या मार्गावर ‘कवच’ ही स्वदेशी सुरक्षा प्रणाली बसवण्याचे काम रेल्वेने हाती घेतले आहे. लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका निर्माण झाला आणि चालकाने वेळीच ब्रेक लावला नाही, तर कवच स्वतः ब्रेक लावते. रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय उद्योगांच्या सहकार्याने ती विकसित केली. २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या आणि २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून तिचा स्वीकार झाला. तिला सुरक्षेची चौथी, म्हणजे सर्वोच्च पातळी लागू आहे.

गोव्याच्या वाचकांना याची पूर्वपीठिका परिचित असेल. कोकण रेल्वेने ‘रक्षा कवच’ या नावाने टक्कररोधक उपकरण विकसित केले होते आणि ईशान्य सीमांत रेल्वेवर ते प्रत्यक्ष बसवलेही गेले. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीवर अवलंबून असलेल्या त्या उपकरणाला अनेक रुळांच्या स्थानकात गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे हे ओळखणे अवघड जाई. मोकळ्या एकेरी मार्गावर सुरळीत चालणारी यंत्रणा स्थानकाच्या वेगळ्या रचनेत अडखळत होती. नव्या कवचमध्ये यासाठी रुळांवर बसवलेल्या रेडिओ-खुणांचा उपयोग केला जातो.

कवचचे सॉफ्टवेअर एकच असले, तरी प्रत्येक स्थानकाची माहिती वेगळी असते : सिग्नल किती, सांधे कोठे, वळणावर वेग किती, खुणा किती अंतरावर. रेल्वेच्या सुरक्षा मानकांत म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. मूळ प्रणालीची तपासणी एकदा कसून होते. प्रत्येक स्थानकाच्या माहितीची तपासणी मात्र स्वतंत्रपणे आणि प्रत्येक वेळी करावी लागते. सॉफ्टवेअर निर्दोष असूनही एका स्थानकाच्या कोष्टकातील एक चुकीचा आकडा अपघाताला कारण ठरू शकतो.

कारखान्याच्या उंबरठ्यावर

रेल्वेत स्वतंत्र तपासनीस असतात, मानके असतात, प्रमाणपत्राशिवाय गाडी धावत नाही. लहान कारखान्यातील मागाला अशी शिस्त लाभत नाही. यंत्र विकत घेताना निर्मात्याने तपासलेले रूप आणि पाच वर्षांनंतर कारखान्यात चालणारे रूप यांत मोठे अंतर पडलेले असते. मधल्या काळात मोटर बदललेली असते, दुसऱ्या बनावटीचा संवेदक लावलेला असतो, वारंवार थांबण्याचा त्रास नको म्हणून एखादी सुरक्षा-सेटिंग बंद केलेली असते. हे नवे रूप कोणत्याही प्रयोगशाळेच्या कोष्टकात कधीच आलेले नसते.

यावर काही साधे उपाय कारखानदारांच्या हाती आहेत. यंत्र घेतानाच सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सर्व सेटिंग यांची नोंद करून ठेवावी. कोणताही बदल केला की त्याची तारीख आणि कारण लिहावे. जोड बदलल्यावर किंवा नवी आवृत्ती घातल्यावर थांबण्याची कळ, झडपेचा अटकाव आणि धागा-संवेदक हे तिन्ही, एकेकटे आणि एकत्र, मोकळ्या यंत्रावर तपासावेत. निर्मात्याकडून कोणते संयोग तपासले आहेत याची यादी मागावी. मोटारी आणि वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात अशी विचारणा आता नित्याची झाली आहे. कापडाच्या क्षेत्रातही ती होऊ शकते.

स्वयंचलित चाचणीमुळे कोट्यवधी रूपांतून मोजकी रूपे निवडण्याचे आणि ती न थकता तपासण्याचे काम शक्य झाले आहे. कोणती कळ कोणत्या कळेशी भांडू शकते आणि त्या भांडणाची किंमत कोण मोजेल, हे ठरवणे मात्र माणसांकडेच राहते. सुरतेतील रात्रपाळीत यंत्रासमोर उभ्या असलेल्या कारागिराला आच्छादक कोष्टकाची माहिती असण्याचे कारण नाही. थांबण्याची कळ दाबल्यावर यंत्र प्रत्येक वेळी, प्रत्येक रूपात थांबेल, एवढाच विश्वास त्याला हवा असतो.